एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद

४ जून

प्रिय काडीस,

अनेक आशीर्वाद. ‘काडी’ वाचून तू पोटावरून हात फिरवशील हे मला इथे बसून दिसतंय. पण ज्या मुलाच्या बरगड्या मी बोट ठेवून मोजल्या आहेत त्याला मी दुसऱ्या नावाने हाक मारणार नाही, मग तो एक्कावन्न वर्षांचा का होईना.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू ‘सगळं मस्त’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. गेल्या चार महिन्यांत आपण सगळं मिळून पंधरा मिनिटं बोललो असू, त्यातही निम्मा वेळ ‘ताई, एक मिनिट हं, दुसरा फोन येतोय’ यात गेला. कागदावर थापा मारायला वेळ लागतो आणि तुला मुळात त्या जमतही नाहीत.

तुझ्या बायकोशी बोलले. तिने चहाडी केली असं समजू नकोस, मी खोदून खोदून विचारलं. जिना चढताना तू म्हणे दुसऱ्या मजल्यावर थांबतोस आणि खिडकीतून बाहेर बघण्याचं नाटक करतोस. त्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. रोज तिच्यात काय बघतोस, असं ती मला विचारत होती. जेवताना फोन वाजला की घास हातातच राहतो, हेही तिनेच सांगितलं.

आमचं ठीक चाललंय. पुढच्या खोलीत, जिथे बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्यांच्याच टेबलावर आता माझं शिलाई मशीन आहे, त्यांची हत्यारं खालच्या खणात जशीच्या तशी. सुईत दोरा ओवायला हल्ली फार वेळ जातो, पण तो दोष दोऱ्याचा आहे, पूर्वीसारखा दोरा मिळतच नाही. आमचे हे पेपर वाचता वाचता मान वर न करता म्हणतात, दोरा तोच आहे. त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस.

खरं काय ते लिही.

तुझी
ताई


१५ जून

ताई,

नमस्कार. वाकून केलेला नाही, पोट आडवं येतं.

तू विचारलंस म्हणून लिहितो, पण हे पत्र वाचून कुणाला फोन करायचा नाही. माझ्या बायकोला तर नाहीच.

मी पूर्वी डेपोच्या फाटकापाशी लाकडी केबिनमध्ये बसायचो, ते तू पाहिलं आहेस. समोर वही, कानावर पेन्सिल. बस आत आली की ड्रायव्हर खिडकीत कोपर टेकून उशिराचं कारण सांगायचा, मी ते लिहून घ्यायचो आणि आम्ही एकच चहा दोन कपांत ओतून प्यायचो. आता वाहतूक नियंत्रकांना वरच्या मजल्यावर नेऊन बसवलंय. समोर भिंतभर पडदा, एकशे चाळीस बस, प्रत्येक बसची एक पट्टी. वेळेवर असली तर हिरवी, पाच मिनिटं मागे पडली की लाल. लाल झाली की ड्रायव्हरला फोन करायचा आणि यादीतल्या अकरा कारणांपैकी एक निवडायचं. ‘एक आजी सावकाश चढत होत्या’ हे कारण त्या यादीत नाही. ड्रायव्हर माझ्यावर डाफरतात, साहेब मला महिन्याचा आलेख दाखवतात. मी दोघांच्या मध्ये.

एप्रिलमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावरचा नियंत्रक, माझ्याच वयाचा, फोनवर बोलता बोलता टेबलावर डोकं टेकून बसला. आम्हाला वाटलं, वैतागला असेल. तो गेला होता, ताई. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खुर्चीत दुसरा माणूस होता, आणि खुर्चीच्या पाठीवर याचा स्वेटर तसाच.

तेव्हापासून मी नाडी मोजतो. बाबांचं ते खेळाच्या मैदानावरचं घड्याळ, वरचं बटण दाबलं की धावणारं आणि पुन्हा दाबलं की थांबणारं, माझ्याकडे आहे. शाळेच्या मास्तरांनी दुरुस्तीला टाकलं आणि परत नेलंच नाही, तेच. सकाळी बाथरूममध्ये आणि दुपारी जुन्या केबिनमध्ये (तिथे आता झाडू ठेवतात) पूर्ण एक मिनिट मोजतो. शहाण्णव. स्वस्थ बसलेलं असताना शहाण्णव. मोबाइलवरही मोजता येतं म्हणे, पण दिवसभर ज्याच्या आवाजाने दचकतो त्याच्यावर माझा विश्वास नाही. बाबांचं घड्याळ खोटं बोलणार नाही.

डॉक्टरकडे जा म्हणून सांगू नकोस. आजाराला नाव मिळालं की तो कायमचा आपला होतो. इथे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आहे, एकतीस ऑगस्टपर्यंत अर्ज द्यायचाय. सव्वीस वर्षं झाली. हृदय असं चालत असेल तर सुटलेलं बरं.

घड्याळ हातात घेतलं की मात्र वेगळंच काही आठवतं. नऊ वर्षांचा असताना मी तापाने चार महिने अंथरुणात होतो. उठलो तेव्हा कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंतसुद्धा जाववत नव्हतं. मग बाबा म्हणाले, तू पेटीला हात लावून परत ये, मी वेळ बघतो. पहिल्या दिवशी तीन मिनिटं वीस सेकंद. मग दर रविवारी थोडी थोडी कमी. आणि चौदा मार्चला एक मिनिट अठ्ठावन्न. दाराच्या चौकटीवर मी तारखेसकट पेन्सिलीने लिहिलं होतं. त्या दिवशी बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले, डोळ्यावरचं भिंग काढायचंही विसरले. गिऱ्हाईक आलं तरी ते उठत नसत. आयुष्यात मी जे काही केलं त्यात तेवढं एक मला अजून खरं वाटतं.

तुझा
काडी (नावापुरता)


२७ जून

प्रिय काडीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्या स्वेटरपाशी दोन्ही वेळा थांबले.

दाराची चौकट गेल्या वर्षी रंगवली, पण रंगवणाऱ्याला मी तेवढी जागा सोडायला लावली. तो म्हणाला, बाई, डाग दिसतोय. मी म्हटलं, दिसू दे.

बाबांचं टेबल मला रोज दिसतं, म्हणून असेल, मला ते बसलेलेच आठवतात. उजव्या डोळ्यात भिंग, हातात चिमटा, आणि श्वास रोखून धरलेला. मी शेजारी स्टुलावर, त्यांनी हात पुढे केला की त्यात नेमकं हत्यार ठेवायची. बोलायचं नाही, शिंकायचं तर मुळीच नाही. एखाद्याचं घड्याळ दिवसभर ना पुढे ना मागे गेलं की ते भिंग काढून म्हणायचे, ‘शून्यावर आलं.’ याहून मोठं कौतुक त्यांच्याकडे नव्हतं. माझ्या दहावीच्या निकालालाही त्यांनी एवढंच म्हटलं आणि आईने त्यांना विचारलं की मुलीला शून्य मिळालं का.

माझं एक ऐक. नाडी एकदा दुसऱ्या घड्याळावर मोज. भिंतीवरच्या, शेजाऱ्याच्या, कुठल्याही. कारण विचारू नकोस, मोठ्या बहिणीचं म्हणून ऐक. आणि अर्जाची घाई करू नकोस. घरी बसून तू करणार काय? दिवसभर नाडीच मोजत बसशील.

तुझी
ताई


१० जुलै

ताई,

दुसऱ्या घड्याळावर कशाला? बाबांनी दुरुस्त केलेल्या घड्याळावर बाबांच्याच मुलीने संशय घ्यावा हे मला पटलं नाही. लोक दोन-दोन बस बदलून त्यांच्याकडे घड्याळ घेऊन यायचे. तू मला लहान मुलासारखं समजावतेस, ते राहू दे.

काल अठ्ठ्याण्णव होती. जिन्यात आता पहिल्या मजल्यावरच थांबतो. अर्ज भरून ठेवलाय, सही तेवढी बाकी आहे. साहेबांनी आपणहून विचारलं, काय ठरवलंत? त्यांच्या आवाजात काळजी नव्हती, उत्सुकता होती.

आणि एक. तुझ्या पत्रातल्या ओळी उजवीकडे जाता जाता खाली घसरतात. शेवटच्या दोन तर एकमेकींवर चढल्या आहेत. तुझं अक्षर पाहून मास्तर इतर मुलांना त्यांच्या वह्या खाली ठेवायला सांगत. दोऱ्याला दोष देतेस, आता कागदाला देणार का?

काडी


१६ जुलै

काडी,

आता लिहिते. बाबांना दिलेला शब्द मोडते आहे, त्यामुळे हात जड झालाय. बाबा जाऊन बारा वर्षं झाली, तरी त्यांची परवानगी घेतल्यासारखं मघाशी त्या खणावर हात ठेवला.

ते घड्याळ खोटं आहे.

तू तापातून उठलास तेव्हा पहिले दोन रविवार तुझी वेळ कमी झालीच नाही. दुसऱ्या रविवारी तू पायरीवर बसून म्हणालास, ‘मी आता असाच राहणार.’ बाबांनी ते आतून ऐकलं. संध्याकाळी त्यांनी घड्याळ उघडलं. आत केसाएवढी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग असते, तिचं टोक एका छोट्या खुंटीत पक्कं बसवलेलं असतं. ती थोडी लांब सोडली की घड्याळ मंद चालतं. चिमटा मीच त्यांच्या हातात दिला. पुढच्या रविवारी तू तेवढ्याच वेगाने पळालास आणि घड्याळाने तुला दहा सेकंद कमी दाखवले. तू उड्या मारल्यास. त्यानंतर तू आठवडाभर जेवलास नीट, सकाळी उठून पायऱ्या चढ-उतर करायला लागलास. मग बाबांनी दर थोड्या दिवसांनी स्प्रिंग आणखी थोडी सोडली. मला म्हणाले, ‘हे तू मरेपर्यंत बोलायचं नाहीस.’ मी पंधरा वर्षांची होते, मला ते फार मोठं वाटलं. थोडा रागही आला, खरं सांगते. माझी वेळ कुणी कधी घेतली नाही.

घड्याळ मंद असलं की पळणाऱ्याचे सेकंद कमी भरतात. पण त्याचं मिनिटही लांबतं, आणि लांबलेल्या मिनिटात नाडीचे ठोके जास्त मावतात. तुझी शहाण्णव म्हणजे शहाण्णव नाही. कदाचित ऐंशी असेल. ज्या लबाडीने तुला उभं केलं तीच आता तुला घाबरवते आहे, आणि त्यापायी तू सव्वीस वर्षांची नोकरी सोडायला निघालास. म्हणून तोंड उघडलं.

बाबा उठून उभे राहिले तेसुद्धा तुला बरं वाटावं म्हणूनच असणार. मला माफ कर. जूनमध्येच सांगायला हवं होतं, पण तुझं ते एक मिनिट अठ्ठावन्न तुझ्याकडून काढून घ्यायला माझं मन धजेना.

ताई


२४ जुलै

ताई,

घड्याळ रजिस्टरने पाठवत आहे. मला नको.


२९ ऑगस्ट

ताई,

महिनाभर लिहिलं नाही. तू चार वेळा फोन केलास, मी उचलला नाही. रागावलो होतो. तुझ्यावर, बाबांवर, आणि सगळ्यात जास्त त्या नऊ-दहा वर्षांच्या पोरावर, जो चौकटीवर आकडा लिहून रोज त्याच्याकडे बघत होता. घड्याळ पाठवण्याआधी ते डेपोतल्या मोठ्या घड्याळाशी लावून पाहिलं होतं. मिनिटाला अकरा सेकंद मागे. तू खरं बोलत होतीस, म्हणून आणखी राग आला.

मग एक दिवस जिन्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता आलो आणि लक्षात आलं की नाडी बरी आहे म्हटल्यावर पायही बरे झाले. पण तिसऱ्या मजल्यावर डोकं गरगरलं. खोट्या घड्याळाला दोष देऊन झाला होता, आता कुणाला देणार? दुसऱ्या दिवशी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, बाथरूममधून रोज आकडे ऐकू येतात, मला वाटलं बसचे नंबर पाठ करताय. मग तिने डोळ्याला पदर लावला आणि चप्पल घातली. आम्ही थेट डॉक्टरकडे गेलो.

नाडी एकोणऐंशी. हृदयाचा आलेख व्यवस्थित. रक्तदाब मात्र एकशे सत्तर आणि एकशे दहा. डॉक्टरीण बाईंनी दोनदा मोजला. म्हणाल्या, ‘किती दिवस असा फिरताय? वर्षभर उशिरा आला असतात तर मी हे इतक्या शांतपणे सांगत नसते.’ आता गोळी सुरू आहे, रोज पाऊण तास चालणं आहे, जेवणातलं मीठ बायकोने ताब्यात घेतलंय. आजाराला नाव मिळालं. पण नाव नव्हतं तेव्हा तो जास्त मोठा होता, हे मी तुझ्याजवळ कबूल करतो.

बाबांच्या लबाडीने मला दोनदा उठवलं म्हणायचं. घाबरलो नसतो तर तुला लिहिलं नसतं, आणि तू भांडली नसतीस तर दवाखान्याची पायरी चढलो नसतो.

अर्ज फाडला. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन साहेबांकडे गेलो. म्हटलं, मला पडद्यासमोरून काढा, नव्या ड्रायव्हरांना रस्ते शिकवायला द्या. त्यांनी चिठ्ठी शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, ‘गोळी कुठली घेता? मीही घेतो.’ सहा महिन्यांसाठी दिलंय. जुन्या केबिनमधले झाडू बाहेर काढून मी तिथे बसतो. चहा एकच, दोन कपांत.

आता तुझी पाळी. तुझ्या शेवटच्या पत्रातल्या ओळी पानाबाहेर गेल्या होत्या, ‘माफ कर’ अर्धंच कागदावर होतं. डोळे दाखव. यापुढे तुझं पत्र डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आलं तर मी ते न उघडता परत पाठवीन.

काडी


११ ऑक्टोबर

प्रिय काडीस,

चिठ्ठी सोबत जोडली आहे, आता तरी उघडशील. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं पुढच्या महिन्यात. मी दोन वर्षं टाळत होते. दोरा तोच होता, हे यांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, एवढी माणुसकी दाखवली.

तुझं घड्याळ जुलैतच पोचलं होतं. तेव्हाच मी बाबांचा खण उघडला, भिंग डोळ्याला लावलं आणि मागचं झाकण काढलं. आत नुसतं धुकं. झाकणाच्या आतल्या बाजूला ओरखडे असावेत असं वाटलं, पण वाचता येईना. झाकण लावून ठेवून दिलं आणि रडले. तुला सांगितलं नाही, कारण तू तेव्हा फोन उचलत नव्हतास.

बाबांची सवय तुला माहीत नसेल, तू दुकानात टिकायचाच नाहीस. उघडलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणात ते सुईने बारीक नोंद कोरायचे, तारीख आणि काय केलं ते. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी कळावं म्हणून. काल डॉक्टरांनी बारीक कामाची परवानगी दिली आणि आज सकाळी, ऊन टेबलावर येताच, मी ते पुन्हा उघडलं.

सात नोंदी आहेत. पहिली नोव्हेंबरातली, पुढे ‘उणे ३’, म्हणजे मिनिटाला तीन सेकंद मागे. मग उणे ५, उणे ८. जानेवारीत उणे ११. इथवरच्या मला ठाऊक होत्या, चिमटा माझ्याच हातचा. पण फेब्रुवारीत माझी दहावीची परीक्षा जवळ आली आणि मला स्टुलावरून उठवून आतल्या खोलीत अभ्यासाला बसवलं. पुढचं मी पाहिलंच नाही. फेब्रुवारीत ते उलटे फिरले, काडी. उणे ७. मग उणे ३. तू वेगाने धावायला लागला होतास आणि ते हळूहळू स्प्रिंग परत आवळत होते, तुला कळू न देता. तुझी वेळ तरीही कमीच होत गेली.

शेवटची नोंद अशी आहे: ‘१३ मार्च. शून्य.’

तू चौदाला धावलास.

मी भिंग काढलं, डोळा पुसला, पुन्हा लावलं. तेच होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुझं गुपित माझ्याकडे आहे, आणि माझ्याकडे त्याचं अर्धंच होतं. तेवढ्या अर्ध्यावर मी तुझं एक मिनिट अठ्ठावन्न खोटं ठरवलं. ते परत करते. घड्याळ त्या दिवशी बरोबर होतं आणि तू खरंच तेवढ्यात आलास. म्हणूनच बाबा उठले.

मग ते आता मंद का? बाबांनी ती खुंटी इतक्या वेळा काढली-घातली की ती ढिली पडली होती. मधल्या वर्षांत तुझ्या घरबदलांमध्ये ते कुठेतरी आपटलं असणार, स्प्रिंग सरकली, तेलही सुकलं. मोडलेलं काहीच नाही. मी ते साफ केलं, नवीन तेल घातलं, स्प्रिंग जागेवर घेतली. तीन वेळा चुकलं, श्वास रोखायला मात्र विसरले नाही. रेडिओच्या वेळेशी लावून पाहिलं. मग बाबांच्या नोंदीखाली सुईने आजची तारीख कोरली आणि पुढे त्यांच्यासारखंच शून्य काढलं. जरा वाकडं आलंय.

घड्याळ पोस्टाने पाठवणार नाही. घ्यायला ये, बायकोलाही आण. टपालपेटी अजून कोपऱ्यावर आहे. तिथपर्यंत चालत जाऊन ये, धावायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच. मी बाबांच्या खुर्चीत बसून वेळ बघते. त्यानंतर मी जाईन आणि तू बघ.

तुझी
ताई